मुंबईची मृत्युगणना

इ. स. २०२० च्या उन्हाळ्यापासून पुढे जवळजवळ दोन वर्षे मुंबईकराच्या दिनक्रमात एक नवा नेम शिरला होता. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास महापालिकेचे पत्रक निघे, आणि त्या दिवशी करोनाचे नवे रुग्ण किती सापडले व किती दगावले हे दोन आकडे त्यात असत. मुंबईत राहणाराच तेवढा ते पाही असे नव्हे. नोकरीनिमित्त दिल्ली, भोपाळ, कोलकाता, हैदराबाद अशा दूरच्या गावी बिऱ्हाड थाटलेली, पण आईवडील व भावंडे मुंबईत असलेली मराठी कुटुंबेही त्या दोन आकड्यांची वाट पाहत. आकडा उतरला की हायसे वाटे, चढला की जीव खालीवर होई. परंतु हा आकडा येतो कोठून, तो कोण लिहितो आणि त्यात कोणाची गणना होत नाही, याचा विचार करण्याइतकी उसंत त्या दिवसांत फारशी कोणाला नव्हती. आता ती धामधूम ओसरली आहे. तेव्हा शहराच्या मृत्युगणनेचा हा इतिहास थोडा मागे जाऊन निवांतपणे पाहावयास हरकत नसावी.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. शहरात मृत्यूची नोंद दोन प्रकारे होत असते. एक नोंद साथीची. ती रोजच्या रोज होते, वर्तमानपत्रांत झळकते, विधिमंडळात गाजते. दुसरी नोंद जन्ममृत्यूच्या दप्तराची. ती करणारा कारकून विभाग कार्यालयाच्या एखाद्या कोपऱ्यात बसलेला असतो. त्याला साथीशी कर्तव्य नाही. कोणी म्हातारपणाने मेला काय, अपघाताने मेला काय किंवा तापाने मेला काय, तो सर्वांना एकाच वहीत घेतो. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे मृत्यूची खबर एकवीस दिवसांच्या आत द्यावयाची असते, आणि ज्या ठिकाणी मृत्यू घडला त्या ठिकाणी ती नोंदवावयाची असते. पहिली नोंद वेगवान पण निवडक. दुसरी संथ पण सर्वसमावेशक. साथीचा खरा हिशेब या दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय लागत नाही, हे मनुष्यजातीला साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच उमगले होते.

ते प्रथम उमगले लंडनमध्ये. त्या शहरात सतराव्या शतकात मृत्यूंची साप्ताहिक पत्रके छापून विकली जात. प्रत्येक धर्मग्रामात काही गरीब, वयस्क स्त्रिया प्रेते पाहून कारण सांगण्यासाठी नेमलेल्या असत. त्यांच्या तोंडच्या माहितीवरून चर्चचा कारकून नोंद करी आणि त्यांतून ही पत्रके तयार होत. जॉन ग्राँट नावाच्या एका कापडचोपडाच्या व्यापाऱ्याने अशी अनेक वर्षांची पत्रके जमवून त्यांचा अभ्यास केला आणि १६६२ साली त्यावर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. आधुनिक लोकसंख्याशास्त्राचा उगम याच पुस्तकात मानतात. १६२५ च्या प्लेगचे आकडे पाहताना ग्राँटला एक गोष्ट खटकली. त्या वर्षी सुमारे चोपन्न हजार माणसे मेली आणि त्यांपैकी सुमारे पस्तीस हजार प्लेगने मेली, असे पत्रके सांगत होती. म्हणजे उरलेली अठराएकोणीस हजार माणसे इतर रोगांनी मेली असे मानावयाचे. परंतु मागच्या-पुढच्या साध्या वर्षांत सर्व रोगांनी मिळून सातआठ हजारांहून अधिक माणसे मरत नव्हती. मग त्याच एका वर्षी इतर रोगांना असा कोणता जोर चढला होता? ग्राँटने सरळ वजाबाकी केली आणि अनुमान काढले की सुमारे अकरा हजार मृत्यू प्लेगचेच असून ते दुसऱ्या नावांखाली दडलेले आहेत.

ते का दडले, याचेही कारण उघड होते. ज्या घरात प्लेग निघे ते घर घरातल्या माणसांसकट बंद करण्यात येई. तेव्हा प्रेत पाहावयास आलेल्या बाईच्या हातावर चार नाणी ठेवून दुसरा एखादा रोग लिहवून घेण्याचा मोह कुटुंबाला होई. गरीब बाईला तो मोडवत नसे, आणि घरच्यांना तर तो जिवावरचा प्रश्न होता. ग्राँटच्या वजाबाकीचे मर्म येथे आहे. मृत्यूचे कारण लपविता येते, पण मृत्यू लपविणे त्याहून फार अवघड असते. कारणाच्या रकान्यात खोटे लिहिले गेले तरी एकूण बेरीज खरी असेल तर ते खोटे कधी ना कधी उघडे पडते. मात्र त्यासाठी साध्या, निरोगी वर्षांची वहीही नीट ठेवलेली असावी लागते. ती नसेल तर वजाबाकी करावयाची कशातून?

लंडनची ही कथा येथे सांगण्याचे कारण असे की मुंबईला तीच वजाबाकी दोनदा करावी लागली. एकदा १८९६-९७ साली आणि पुन्हा २०२० साली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात धान्याच्या वखारींच्या आसपास तापाने माणसे पटापट मरू लागली. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा ग्रंथिज्वर, म्हणजे प्लेग, असल्याचे ओळखले आणि महापालिकेच्या बैठकीत तसे स्पष्ट सांगितले. व्यापाराचे बंदर असलेल्या शहराला ही बातमी परवडणारी नव्हती, त्यामुळे प्रारंभी तिच्याविषयी पुष्कळ शंका घेण्यात आल्या. पुढे ऑक्टोबरात पालिका आयुक्त स्नो यांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा हुकूम काढला. रुग्णालयात नेलेला मनुष्य परत येत नाही, ही समजूत चाळीचाळींतून पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी शेकडो गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चाल केली. त्यानंतर हुकुमाची धार थोडी बोथट करण्यात आली खरी, पण धास्ती गेली नाही.

या धास्तीचा पहिला बळी मृत्यूची नोंद हा होता. प्लेग म्हटले की रोग्याला उचलून नेणार, घर धुऊन काढणार, छपराची कौले उतरविणार, सामान जाळणार आणि शेजाऱ्यांना छावणीत धाडणार. मग आजारी माणसाला माळ्यावर किंवा फडताळामागे लपविणे आणि तो मेल्यावर साधा ताप किंवा छातीचा विकार सांगणे हे ओघानेच आले. शहराच्या दप्तरात तापाच्या आणि श्वसनविकारांच्या रकान्यांतील आकडे त्यामुळे एकाएकी फुगले. प्लेगच्या रकान्यात लिहिलेले मृत्यू एक कथा सांगत होते आणि शहराच्या एकूण मृत्यूंचा साप्ताहिक आकडा, जो १८९७ च्या पहिल्या महिन्यांत नेहमीच्या दुपटीतिपटीने वर गेला होता, तो दुसरी कथा सांगत होता. आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी मग तेच केले जे ग्राँटने केले होते: मागील वर्षांच्या त्याच आठवड्यांची सरासरी काढून ती चालू आठवड्याच्या बेरजेतून वजा केली, आणि जे उरले त्यावरून प्लेगचे खरे मान अजमावले. हे शक्य झाले, कारण प्लेग येण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून मुंबईत मृत्यूंची नोंद ठेवली जात होती. ज्या कारकुनांनी साध्या वर्षांत कंटाळवाणेपणाने ती वही भरली, त्यांचे काम असे अवचित उपयोगी पडले.

तथापि या हिशेबातही एक मोठे छिद्र होते. प्लेगच्या पहिल्या हिवाळ्यात लाखो माणसे मुंबई सोडून गेली. रत्नागिरी, सातारा, पुणे, गुजरात, जिकडे ज्याचे मूळ गाव तिकडे तो गेला. त्यांपैकी जे वाटेत किंवा गावी मेले ते मुंबईच्या वहीत आले नाहीत. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली शहराची लोकसंख्या १९०१ साली ७,७६,००६ भरली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटलेल्या या शहरातून किती माणसे मृत्यूने गेली आणि किती भीतीने गेली, हे वेगळे काढणे कोणत्याही वजाबाकीच्या आवाक्याबाहेरचे होते.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारच्या हाती अमर्याद अधिकार आले. पुण्यात त्या अधिकारांचा वापर कसा झाला आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याची परिणती कशात झाली, हे मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. मुंबईतही ९ मार्च १८९८ रोजी झडतीच्या पथकाने एका विणकर कुटुंबातील आजारी मुलीला नेण्याचा प्रयत्न केला तेव्हा दंगल उसळली आणि गोळीबार झाला. सक्ती वाढली तशी नोंद सुधारली नाही. उलट लपवाछपवी वाढली. ज्या गणनेत सापडणे म्हणजे शिक्षा, त्या गणनेतून मनुष्य निसटावयास पाहणारच. पुढे सरकारने सक्ती पुष्कळ सैल केली, तिच्यामागे या दंगलीइतकाच हा अनुभवही होता.

यानंतर एकशे तेवीस वर्षांनी, १३ मार्च २०२० रोजी, महाराष्ट्र शासनाने तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू केला. चारच दिवसांनी, १७ मार्चला, मुंबईत करोनाच्या पहिल्या मृत्यूची नोंद झाली, तीही आर्थर रोडजवळच्या कस्तुरबा रुग्णालयात, म्हणजे गिरणी कामगारांनी ज्यावर चाल केली होती त्याच जुन्या साथरोग रुग्णालयात. १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला आणि साऱ्या देशाचे लक्ष मुंबईकडे लागले.

रुग्णांची मोजणी ही मृत्यूंच्या मोजणीहूनही निसरडी असते, कारण जो तपासला जातो तोच मोजला जातो. पालिकेने आपल्या चोवीस विभागांत नियंत्रण कक्ष उभे केले. त्यांना ‘वॉर रूम’ हे लढाईतले नाव मिळाले. प्रयोगशाळांचे अहवाल तेथे येत, पत्त्यांप्रमाणे त्यांची वाटणी होई आणि तेथून रुग्णाच्या घरी दूरध्वनी जाई. व्यवस्था म्हणून ही चांगलीच होती आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तिची वाखाणणी केली. तरी ती सापडलेल्या रुग्णांचीच व्यवस्था होती. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर व दहिसर या तीन विभागांतील सुमारे सात हजार माणसांचे रक्त तपासले. झोपडवस्तीतील शेकडा ५७ आणि इतर वस्तीतील शेकडा १६ माणसांच्या रक्तात रोग येऊन गेल्याची खूण मिळाली. त्याच महिन्याच्या अखेरीस साऱ्या शहराच्या यादीत सव्वा लाखाहून कमी रुग्ण होते, म्हणजे सव्वा कोटीच्या या शहरात शेकडा एकसुद्धा नाही. रोग यादीच्या पुष्कळ पुढे निघून गेला होता. संध्याकाळच्या पत्रकात कोणाच्या दारात रोग आला हे कळे, पण किती दारांतून तो गुपचूप येऊन गेला हे कळत नसे.

मृत्यूंचे काय? येथे खरा वाद होता तो दाखल्यातील ओळींचा. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना क्रमांक ४ भरतो, घरी झाला तर ४ अ. त्याच्या पहिल्या भागात मृत्यूचे निकटचे कारण, ते ज्यातून उद्भवले ते, आणि सर्वांच्या मुळाशी असलेले, अशी कारणांची उतरंड लिहावयाची असते. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे इतर आजार येतात. मधुमेह असलेला साठीचा गृहस्थ करोनाने न्यूमोनिया होऊन गेला, तर मधुमेह कोठे लिहावयाचा? तो पहिल्या भागाच्या तळाशी गेला की मृत्यू मधुमेहाचा ठरला; दुसऱ्या भागात गेला की करोनाचा. मे २०२० मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अशा जुन्या विकारांना मूळ कारण म्हणू नये असे स्पष्ट बजावले, ते याचसाठी. एक ओळ खाली की वर, एवढ्यावर एखाद्या माणसाचा मृत्यू साथीच्या वहीत शिरे किंवा तिच्याबाहेर राही.

१६ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने आपल्या आकड्यांची फेरजुळणी जाहीर केली आणि पूर्वी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी यादीत घातले. त्यांपैकी ८६२ मुंबईचे होते. ही चूक झाकून न ठेवता उघड मान्य केली गेली, हे नोंदविणे न्यायाचे होईल. पण तीन महिन्यांत एवढी माणसे यादीबाहेर राहिली होती, हेही तितकेच खरे. त्याच सुमारास दिल्लीतही असाच पेच पडला होता. तेथील महापालिकांच्या स्मशानांत व दफनभूमींत करोनाच्या नियमांनुसार २,०९८ अंत्यविधी झाल्याचे सांगण्यात आले, आणि राज्य सरकारच्या पत्रकात त्या वेळी ९८४ मृत्यू होते. एकाच शहराचे दोन हिशेबनीस, आणि दोघांच्या वह्यांत एक हजाराहून अधिक माणसांचे अंतर.

हे अंतर शेवटी त्या दुसऱ्या, संथ वहीने दाखविले. २०१९ या साध्या वर्षी मुंबईत सुमारे ९१ हजार मृत्यू नोंदले गेले होते. २०२० मध्ये सुमारे १ लाख १२ हजार. म्हणजे एकवीस हजारांच्या घरात वाढ झाली. करोनाच्या यादीत मात्र त्या वर्षाचे सुमारे अकरा हजार मृत्यू होते. ग्राँटची वजाबाकी पुन्हा एकदा करावयाची वेळ आली, आणि उत्तरही तसेच आले: उरलेली जवळजवळ दहा हजार माणसे कोणत्या नावाखाली गेली?

ती सर्व करोनानेच गेली असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. टाळेबंदीत ज्यांना वेळेवर डायलिसिस मिळाले नाही, हृदयविकाराचा झटका आला असता ज्यांना रुग्णालय गाठता आले नाही, तेही त्यांत आहेत. मृत्यू घडला तेथे नोंद होत असल्यामुळे ठाणे-रायगडकडून मुंबईच्या रुग्णालयांत आलेले रुग्णही त्यांत आहेत, मात्र असे रुग्ण साध्या वर्षांतही येतच असतात. उलट बाजूने पाहिले तर ही वाढ कमी दिसावी अशीही कारणे होती. २०१९ मध्ये मुंबईच्या लोहमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे दगावली होती; लोकल गाड्या बंद पडल्याने २०२० मध्ये ती संख्या निम्म्याहूनही खाली आली. गावी परतलेले मजूर आणि चाकरमानी तेथे मेले असतील तर ते १८९७ प्रमाणेच मुंबईच्या वहीत आले नाहीत. इतके सगळे वजा-अधिक केल्यावरही एवढे निश्चित राहते की संध्याकाळच्या पत्रकातील आकडा त्या वर्षाच्या मृत्यूचे सबंध माप नव्हता. पुढील दोन मोठ्या लाटा धरून मुंबईची अधिकृत करोना मृत्युसंख्या साडेएकोणीस हजारांच्या वर गेली. तीही त्याच सावधगिरीने वाचली पाहिजे.

हे सारे केवळ आकडेशास्त्राचे कुतूहल आहे असे कोणी म्हणेल. तसे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ च्या अखेरीपासून करोनाने मृत झालेल्यांच्या वारसांस पन्नास हजार रुपयांचे साहाय्य देण्याचे ठरले, आणि चाचणीनंतर तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू, तो रुग्णालयाबाहेर झाला तरी, करोनाचा मानावा असा नियम झाला. तेव्हा नमुना ४ मधील ती एक ओळ एकाएकी विधवेच्या आणि पोरक्या मुलांच्या भाकरीशी जोडली गेली. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या अधिकृत यादीत १ लाख ४१ हजारांहून थोडे अधिक मृत्यू होते. साहाय्यासाठी अर्ज आले होते दोन लाखांहून अधिक. अर्जांत पुनरुक्ती असेल, काही खोटेही असतील; पण ज्यांचा माणूस यादीत नव्हता अशी हजारो कुटुंबे त्या निमित्ताने कचेरीच्या दारात उभी राहिली. १८९७ साली प्लेगच्या वहीत नाव येऊ नये म्हणून लोक धडपडले; २०२२ साली करोनाच्या वहीत नाव यावे म्हणून धडपडले. दोन्ही वेळा वही खरी असती तर त्यांची धडपड टळली असती.

अखिल देशाच्या बाबतीत ही वजाबाकी अधिकच कठीण आहे. मुंबईत डॉक्टरच्या दाखल्याशिवाय सहसा अंत्यसंस्कार होत नाहीत. परंतु २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम शेकडा साडेबावीस मृत्यूंनाच वैद्यकीय कारणाचा दाखला होता. मे २०२५ मध्ये नागरी नोंदणीचे २०२१ चे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख, २०२० मध्ये सुमारे ८१ लाख आणि २०२१ मध्ये एक कोटी दोन लाखांवर मृत्यू नोंदले गेले होते. नोंदणी सुधारल्यामुळेही दरवर्षी आकडा काहीसा वाढतो, हे मान्य करूनही एका वर्षात एकवीस लाखांची उडी नजरेआड करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दोन वर्षांचे ४७ लाख अधिक मृत्यू अनुमानिले. भारत सरकारने तिच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. हा वाद ज्या दप्तरांवरून कधी काळी मिटेल ती दप्तरे तालुक्यातालुक्यांच्या कपाटांत आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी साध्या वर्षांतही पूर्ण भरलेली नसतात.

यातून निघणारा बोध साधा आहे, आणि शासनाच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्यांस तो विशेष जवळचा वाटावा. संकटकाळी मोजणीचे नवे कक्ष उभे राहतात, नवे तक्ते निघतात, वरिष्ठ रोज बैठका घेतात. त्यांचे महत्त्व कमी नाही. परंतु त्या मोजणीची पारख ज्या वहीवरून करावयाची ती संकटकाळी नव्याने लिहिता येत नाही. ती आधीच्या दहावीस वर्षांत, कोणी विचारत नसताना, बदलीच्या ठिकाणी मन रमत नसताना, कोणा दुय्यम निबंधकाने किंवा आरोग्य खात्याच्या कारकुनाने रोज थोडी थोडी भरून ठेवलेली असावी लागते. लंडनच्या पत्रकांत, १८९७ च्या मुंबईच्या दप्तरात आणि २०२० च्या नोंदणीत ज्यांच्या मृत्यूचे कारण कोणीतरी लपविले किंवा चुकविले, त्या हजारो माणसांचा निदान मृत्यू तरी पुसला गेला नाही, तो अशा कारकुनांमुळे. त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत, आणि त्यांनी भरलेल्या वहीवाचून तो इतिहास लिहिताही आला नसता.